सतरावा चौकोन

“सावकाश. कोपरे धरा, मधे हात नका लावू. ओलं आहे अजून.”

पाच मुलींनी प्लायवुडची ती भलीमोठी फळी भिंतीपासून सोडवली, गोल फिरवली आणि पुन्हा भिंतीला टेकवली. अकरा दिवस चित्र डोक्यावर उभं होतं, आज पायांवर आलं. प्रमोदिनीबाई चार पावलं मागे सरकल्या, पदरानं चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

मधोमध येशू होता, खांद्यावर क्रूस. समोर त्याची आई. तिनं त्याच्या कोपराखाली हात दिला होता, लहान मुलाला पायरी चढवताना देतात तसा. तेवढा एक हात करुणा मसीहनं तीनदा पुसून चौथ्यांदा काढला होता. या दोघांच्या मागे गर्दी होती आणि ती आज पुरी झाली होती. तेवीस माणसं, उगारलेले हात, वासलेली तोंडं.

मग फुलेश्वरी साहू खुदकन हसली.

“ए दे! ए तो भार्गव भैया हे!”

बाकीच्या पुढे वाकल्या. येशूच्या उजव्या खांद्यामागे, हात उंचावून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारा तो दाढीवाला. एकीनं तोंडावर हात ठेवला. दुसरी म्हणाली, “हव ना, बिलकुल वही!” आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. स्नेहल तेवढी हसली नाही. दाढीवाल्याचा सतरावा चौकोन तिचा होता.

बाईही हसल्या नाहीत. त्यांनी जाऊन खोलीचं दार लोटून घेतलं.

*

दरवर्षी इस्टरच्या आधीच्या उपवासात चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना होते. चौदा मुक्काम, चौदा चित्रं. लोक एकेका चित्रासमोर थांबतात, गुडघे टेकतात, पुढे सरकतात. राज्य नवीन होऊन सहा-सात वर्षं झाली होती, राजधानीला साजेसं मोठं चर्च बांधून झालं होतं आणि त्या वर्षी फादरांच्या मनात आलं की चित्रं विकत आणायची नाहीत. चौदा शाळांनी एकेक करून द्यायचं. या मुलींच्या शाळेच्या वाट्याला चौथा मुक्काम आला. वाटेत आई भेटते, तो.

प्रमोदिनीबाई शाळेत एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या. तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या मराठी घरची मुलगी, लग्नानंतर चौबे कॉलोनीत. घरी देवघर, चतुर्थीचा उपास, आणि शाळेत रोज सकाळी “हे हमारे स्वर्गीय पिता”. दोन्हीत त्यांना कधी अडचण वाटली नव्हती. कणीक मळताना नखांतला निळा रंग निघाला नाही तर तशीच पोळी लाटायच्या. एवढ्या वर्षांत वर्गात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. रागावल्या की खडू खाली ठेवून नुसत्या उभ्या राहत.

त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना जरा अभिमानच होता. माणूस काढायचा म्हटलं की मुली डोळा म्हणजे बदाम आणि ओठ म्हणजे धनुष्य काढत. म्हणून बाई फोटो मोठा करून आणत, त्यावर पट्टीनं चौकोन आखत, चौकोन कापत आणि एकेकीला एकेक वाटून देत, तोही उलटा. फळीही उलटीच उभी करत. “काय आहे ते विचारायचं नाही. रेघ कुठून कुठं जाते तेवढं पाहा. उलटं पाहिलं की हात खोटं बोलत नाही.”

आणि खरंच, हात खोटं बोलले नव्हते.

गर्दीसाठी फोटो त्यांनीच शोधला होता. माळ्यावरच्या रद्दीत दीड वर्षापूर्वीचा एक पेपर निघाला. तात्यापाऱ्यात रस्ता रुंद केला तेव्हाचा, पहिल्या पानावर, मथळा ‘व्यापाऱ्यांचा संताप’. तो फोटो हातात धरल्या धरल्या त्यांना दिसले ते हात. वर, आडवे, एकमेकांत अडकलेले, वाळल्या बाभळीसारखे. याहून चांगली मांडणी त्यांना जन्मात सुचली नसती. गर्दी शोधण्याच्या नादात माणसं पाहायची राहून गेली.

“आजचं पुरे,” त्या म्हणाल्या. “फळीवर चादर टाका. आणि घरी कुणी काही बोलायचं नाही.”

पाचही जणींनी मान डोलावली. फुलेश्वरीनं सगळ्यांत जोरात.

*

त्या रात्री जेवताना फोन वाजला. देवश्रीनं उचलला. बाईंची मुलगी, बँकेत लागून वर्ष झालेलं. आईशी बोलायची ते निम्मं हिंदीतच.

“कोई आदमी है. पूछ रहा है, पेंटिंग कब दिखा रहे हैं आप लोग.”

बाईंनी हात धुऊन रिसीव्हर घेतला. पलीकडे टीव्हीचा आवाज होता आणि कुणीतरी श्वास घेत होतं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

“कौन था?”

“शाळेचं काहीतरी.”

“आई, मले नको शिकवू. तुझं तोंड पाहा आरशात.” देवश्री चिडली की मराठीत येई.

बाईंनी सांगितलं. देवश्रीनं घास तसाच ताटात ठेवला. “तू मत पड़ इसमें. मिटा दो ना सीधे. छुट्टी ले ले, गले का बहाना कर. तुझा गळा तर असाही बसलेलाच असतो.”

“मी सुट्टी घेतली तर विचारायचं कुणाला? पोट्ट्यांनाच ना?”

देवश्रीनं उठून बाहेरच्या दाराची कडी लावली, मग वरचीही.

सकाळी बाई शाळेत पोहोचल्या तेव्हा स्नेहल आलेली नव्हती. फुलेश्वरी चित्रकलेच्या खोलीबाहेर उभी होती, डोळे सुजलेले. तिनं घरी फक्त मोठ्या भावाला सांगितलं होतं, हसत हसत. भाऊ रोज संध्याकाळी भार्गव भैयांच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसायचा.

“मैडम, मैंने नाम नहीं लिया किसी का. बस चौकोन वाली बात बताई.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “आत ये.”

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका सिस्टर अनिमांनी बोलावलं. झारखंडकडच्या उराँव आदिवासी, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. टेबलावर फोन होता आणि रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला होता.

“सुबह से ग्यारह बार,” सिस्टर म्हणाल्या. “कुछ बोलते नहीं. एक ने बस इतना पूछा, होस्टल में कितनी लड़कियाँ हैं.” त्या थांबल्या. “चालीस हैं, मैडम. मैंने बताया नहीं. पर उसको मालूम होगा.”

“सिस्टर, ग़लती मेरी है.”

“ग़लती का मैं नहीं पूछ रही. चित्र नहीं भेजेंगे. तेरह रहेंगे, चौथी जगह ख़ाली दीवार. लोग ख़ाली दीवार के सामने भी प्रार्थना कर लेंगे.”

बाई म्हणाल्या, “और जिसने बनाया, वो बच्ची ज़िंदगी भर क्या समझेगी? कि उसने ऐसा क्या बना दिया जो दीवार पर लग ही नहीं सका?”

सिस्टरनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. तो लगेच वाजला. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

*

भार्गव आला तो दुपारी अडीचला, एकटा. पांढरा कुर्ता, कपाळाला बारीक गंध, पायांत चप्पल. चपराशानं अडवलं नाही, कोण अडवणार? चित्रकलेच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन त्यानं चप्पल काढली.

“नमस्कार काकू. ओळखलं का?”

“ओळखलं रे. ये.”

तात्यापाऱ्यात बाईंच्या माहेरासमोरच त्याचं घर. शरच्चंद्र काकांचा हा धाकटा. काकांचं भांड्यांचं दुकान होतं; बाईंच्या लग्नातल्या प्रत्येक डब्यावर काकांनी स्वतःच्या हातानं ‘प्रमोदिनी’ कोरून दिलं होतं. तेव्हा हा भार्गव चार-पाच वर्षांचा, दुकानात परात उपडी घालून तिच्यावर बसायचा. आता पाऱ्यातलं पान त्याला विचारल्याशिवाय हलत नव्हतं.

“दाखवा,” तो म्हणाला.

बाईंनी चादर काढली.

तो बराच वेळ पाहत राहिला. आधी स्वतःला पाहील असं त्यांना वाटलं होतं. त्यानं आईला पाहिलं, येशूला पाहिलं, मग गर्दी डावीकडून उजवीकडे एकेक करत पाहत आला. ओठ किंचित हलत होते. नावं घेत होता तो.

“हे पानवाले तिवारीजी. हा बर्तनवाला आपला जग्गू. हे कापडवाले.” तो स्वतःपाशी आला आणि थांबला. “आणि हा मी. छान काढलं. दातसुद्धा बरोबर आहे, हा पुढचा तुटका.”

“भार्गव, माझ्याकडून चूक झाली. फोटो मी...”

“तुम्हाले माहीत आहे काकू, त्या दिवशी मी काय ओरडून राहिलो होतो?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

“सगळे समजले, मी शिव्या देऊन राहिलो सरकारले. पेपरात तसंच लिहिलं. बाबा आत बसले होते. गादीवर. जेसीबीनं पुढची भिंत घेतली, तरी उठून नाही राहिले. हात वर केला तो त्या ड्रायव्हरसाठी, की थांब म्हणून. आणि ओरडत होतो, बाबा बाहेर या, बाबा बाहेर या.” तो हे अगदी हळू बोलत होता. “बाहेर आले ते. पण मग तीन महिने पलंगावर बसून भिंतच पाहत राहिले. मग गेले. तुम्ही आल्या नव्हत्या.”

“शाळेच्या परीक्षा होत्या,” बाई म्हणाल्या, आणि म्हणताच त्यांना त्या वाक्याची लाज वाटली.

“हव. परीक्षा.” तो चित्राच्या अगदी जवळ गेला. “तर असं आहे. मी माझ्या बापाले हाका मारून राहिलो होतो, आणि तुम्ही मले याच्या मागं उभं करून टाकलं. आता हे चर्चमधे लागेल. दरवर्षी लोकं येतील, गुडघे टेकतील, आणि मले पाहतील. हा कोण? हा मारणारा.”

पंखा फिरत होता. कोपऱ्यातल्या टेबलावर ब्रश वाळत घातले होते. बाईंना वाटलं, याच्यासमोर आपण गुडघे टेकले तर ती माफी खरी होईल. पण त्या उभ्याच राहिल्या.

“तुझा चेहरा निघेल,” त्या म्हणाल्या. “उद्याच.”

“ते तर निघेलच. मी दुसरं विचारायले आलो.” त्यानं वळून पाहिलं. “चौकोन वाटता म्हणे तुम्ही. माझा चौकोन कोणाचा होता?”

“चौकोन मी आखले. फोटो मी आणला.”

“हात कोणाचा, ते विचारून राहिलो.”

“मुलींना काय आहे ते दिसतच नाही, भार्गव. उलटं असतं. तिला कळलंसुद्धा नाही.”

“ती,” तो म्हणाला. “एकच आहे मग.”

बाईंनी जीभ चावली.

“काकू, आम्ही काय खाऊन टाकू तिले? तिचा बाप येईल, आमच्या ओट्यावर बसेल, चार लोकांसमोर म्हणेल की चूक झाली. संपलं. मी समजून घेईन. पण पोट्टे गरम आहेत. माझ्या बापाच्या तेराव्याले पंगत वाढली आहे त्यांनी. मी थांब म्हटलं की थांबतीलच, असं मी लिहून नाही देऊ शकत.”

“मग माझं नाव सांग त्यांना. मी येते ओट्यावर.”

तो हसला, त्यात थोडी मायाही होती आणि त्यानंच बाई जास्त घाबरल्या. “तुम्ही? तुम्ही तर पाऱ्यातल्याच आहात. तुमच्यावर कोण गरम होईल? त्यांना आपलं नसलेलं कोणी लागते.” त्यानं चप्पल पायांत सरकवली. “उद्या चार वाजता पाहायले येतो. पोट्टे पण येतील. कोण ब्रश धरून राहते तेही पाहून घेतील.”

*

संध्याकाळी त्या रिक्षा करून रेल्वे क्वार्टर्सकडे गेल्या. स्नेहलचे वडील मारोती वॅगनच्या कारखान्यात फिटर होते, वर्ध्याकडचे. दार उघडलं ते त्यांनी, अर्धंच.

“मॅडम, बसा. पण पोट्टीचं नाव नका घेऊ. ती शाळेत नाही येत आता.”

खोलीत बॅग भरलेली दिसत होती. बाई लोखंडी खुर्चीवर बसल्या.

“कुठं पाठवता?”

“भावाकडे. वर्ध्याले. रविवारचं तिकीट काढलं. बदलीचा माणूस आहो मी, आमचं इथं कोण आहे? काल दोन पोट्टे कारखान्याच्या गेटवर येऊन विचारून गेले, मिशनच्या शाळेत कोणाकोणाच्या पोरी आहेत म्हणून. मी गप राहिलो. माझ्या बाजूचा बोलला असता तर?”

“दहावीचं वर्ष आहे पुढं.”

“दहावी वर्ध्यालेही होते.”

स्वयंपाकघराच्या दारात स्नेहल उभी होती. हडकुळी, तेल लावून चप्प बसवलेल्या दोन वेण्या. दोन्ही हात पाठीमागे.

“मॅडम,” ती म्हणाली, “मले दिसलंच नव्हतं कोण आहे ते.”

“माहीत आहे मला.”

“मी तर रेघ पाहून राहिली होती फक्त. तुम्ही म्हटलं तशी.” तिनं पाठीमागचे हात अजून मागे नेले. “मग ते इतकं त्याच्यासारखं काहून झालं?”

बाईंनी एकोणतीस वर्षांत शेकडो मुलींच्या वह्यांवर ‘छान’ लिहिलं होतं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“हात पाहू,” त्या म्हणाल्या.

स्नेहलनं हात पुढे केले. उजव्या हाताची बोटं लाल झाली होती, सोललेली. घासणीनं रंग काढला होता तिनं. रंग गेल्यावरही घासत राहिली असावी.

“आता नाही काढणार मी काहीच,” ती म्हणाली.

मारोती भिंतीकडे पाहत होते. बाई त्यांच्याकडे वळल्या. “भाऊ, रविवारी न्यायची तर न्या. मी अडवत नाही. पण उद्या एक दिवस पाठवा. तो चेहरा तिनं काढला, तो तिच्याच हातानं जायला हवा. नाहीतर वर्ध्यालाही ही अशीच हात घासत बसेल.”

“आणि नाव निघालं तर?”

खोटं बोलणं सोपं होतं. “निघू देणार नाही एवढंच सांगते,” त्या म्हणाल्या. “त्यापुढं माझ्या हातात काय आहे?”

शेजारच्या क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टी झाली. शेवटी मारोती म्हणाले, “चारच्या आत सोडा तिले. मागच्या गेटनं.”

*

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळा बारालाच सोडली; चित्राच्या पाच जणी तेवढ्या थांबल्या. सिस्टरनी होस्टेलच्या मुलींना प्रार्थनेच्या खोलीत बसवून बाहेरून कुलूप घातलं आणि स्वतः गेटपाशी खुर्ची टाकून बसल्या. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर कुणी दिसत नव्हतं आणि दिसत नव्हतं हेच बाईंना आवडलं नाही.

स्नेहलनं सतरावा चौकोन पांढऱ्या रंगानं झाकला. तीन हात दिले. तिसऱ्या हातानंतर भार्गवचे डोळे दिसेनासे झाले आणि गर्दीत एक भोक पडलं.

“असंच राहू द्या ना मॅडम,” करुणा म्हणाली. “सफ़ेद ही अच्छा है.”

“नको. मोकळं राहिलं की लोक विचारतील, इथं कोण होतं.”

“तो किसका बनाएँ?”

यावर पाचही जणी बोलायला लागल्या. सिनेमातला कुणी खलनायक? त्याचाही कुणी चाहता असेल शहरात. कॅलेंडरवरचा माणूस? चपराशी काकांनी दारातूनच हात जोडले, माझं तोंड नका घेऊ बाई. फुलेश्वरी, जी दोन दिवस रडत होती, नाक ओढत म्हणाली, “मोर ममा के मुँह बना देवन मैडम. ओ तो दिन भर चिल्लावत रहिथे.”

दिवसभर ओरडणाऱ्या मामाच्या नावानं हसू फुटलं. भीतीत फुटतं तसं, जास्त जोरात. आणि ते विरलं तेव्हा बाईंना कळलं, आपण याचा आजवर कधी विचारच केला नव्हता. कुठलाही चेहरा घ्या, तो कुणाचा तरी असतो. घरी त्याची कुणीतरी वाट पाहत असतं.

त्यांनी स्टूल ओढलं, खिडकीजवळ उजेडात ठेवलं आणि त्यावर बसल्या.

“स्नेहल, चौकोन नाही, फोटो नाही. सरळ बघ आणि काढ.”

“कोणाले?”

“मला.”

मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. “मॅडम, वहाँ तो...” करुणा चाचरली. “वहाँ तो मारने वाले खड़े हैं.”

“हो. माहीत आहे मला कुठं बसवते आहेस ते.”

बाईंनी डोक्यावरून पदर घेतला, हात वर केला आणि तोंड उघडलं. आवाज न काढता. ओरडणारं तोंड कसं असतं ते त्यांनी हजारदा फळ्यावर काढून दाखवलं होतं: जबडा खाली, गालांना खळगे, गळ्याच्या शिरा. पण स्वतःचं तोंड तसं होईना. ते जांभई दिल्यासारखं होत होतं, मग दाढ दुखल्यासारखं.

“असं नाही,” स्नेहल म्हणाली. ब्रश तिच्या हातात होता. कधी घेतला ते तिलाही कळलं नव्हतं. “तुम्ही ओरडून नाही राहिल्या. नुसतं उघडून राहिल्या.”

बाई विचार करत बसल्या. मग त्यांनी समोर कोसळत असलेली भिंत डोळ्यांपुढे आणली, आणि आत, गादीवर, उठायला तयार नसलेला एक म्हातारा. डब्यांवर नावं कोरून देणारा. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

“हां,” स्नेहल हळूच म्हणाली. “आता हलू नका.”

तीन वाजले. सव्वातीन. स्नेहलनं कपाळ केलं, डोळे केले, पदराची कड केली. ती आता रेघ पाहत नव्हती, बाईंकडे पाहत होती, मधूनच मान तिरकी करून, ओठ दातांत धरून. बाईंचा हात बधिर झाला. जबड्यातून कळ कानात जात होती. साडेतीनला त्यांनी डोळ्यांनी घड्याळाकडे खूण केली आणि मग मागच्या दाराकडे. स्नेहलनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

“तोंड राहिलं फक्त,” ती म्हणाली.

चारला सात मिनिटं असताना गेटवर आवाज झाला. आधी सिस्टरचा, एकच वाक्य. मग पुष्कळ पायांचा. ते पटांगण ओलांडत होते, घाई न करता. पायऱ्यांवर आले. कुणीतरी भिंतीवरून काठी किंवा पट्टी ओढत येत होतं, खरर्र, प्रत्येक खिडकीच्या गजांवरून टक टक करत.

स्नेहलचा ब्रश थांबला. बाईंना तिला ‘जा’ म्हणायचं होतं, पण तोंड मिटलं तर तोंड गेलं. त्या तशाच बसल्या, हात वर, आणि पापण्या एकदा मिटून उघडल्या.

तेव्हा फुलेश्वरीनं टेबलावरचा एक ब्रश उचलला. तो निळ्यात बुडवला आणि स्नेहलच्या खांद्याला खांदा लावून फळीसमोर जाऊन उभी राहिली. मग करुणा. मग उरलेल्या दोघी. पाच पाठी, दहा वेण्या, पाच ब्रश. कुठला हात कुणाचा ते दारातून कुणाला सांगता आलं नसतं.

पायांचा आवाज उंबऱ्यापाशी येऊन थांबला. चपला काढल्याचा आवाज या वेळी आला नाही.

कुणीही मागे वळून पाहिलं नाही. “मॅडम, अजून थोडं मोठं,” स्नेहल म्हणाली, आणि प्रमोदिनीबाईंनी तोंड अजून थोडं मोठं केलं.